आप्पांनी शोधलेलं पाणी

माझ्या उजव्या पायाची टाच जमिनीला टेकत नाही, हे घरात सगळ्यांत आधी आप्पांना कळलं आणि तेही कानांनी. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या सोप्यात खड्डामाग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून आप्पा काठावर बसायचे आणि खालच्या पावड्या पायांनी आळीपाळीनं दाबायचे. त्यामुळे दिवसभर त्यांचं डोकं आमच्या गुडघ्यांच्या उंचीवर असायचं. घरात कोण कुठून कुठं गेलं हे त्यांना मान वर न करता पावलांवरून समजायचं. माग खट्-खट्, खट्-खट् चाललेला, मागच्या खोलीत आई चरख्यावर कांड्या भरतेय, चुलीवर आमटीला उकळी फुटलेली, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन सोप्यातून चाललेली. अचानक माग थांबला. गल्लीतल्या बाकीच्या मागांचा आवाज आत आला. आप्पा म्हणाले, "सुमे, परत चाल बघू." मी परत चालले. "परत." मी पुन्हा चालले. मग ते खड्ड्यातून वर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी माझ्या उजव्या टाचेखाली बोट घातलं. ते आरपार गेलं.

त्याआधी मला ताप येऊन गेला होता. आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळून होते आणि उठले तेव्हा उजव्या पायात त्राण नव्हतं. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, जाईल. आईनं नाचणीची आंबील पाजली, तिळाचं तेल कोमट करून पायाला चोळलं. अशक्तपणा गेला, पाय मात्र तिथंच राहिला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आप्पा मला सायकलवर बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होते, शांत बोलणारे. त्यांनी पाय वाकवून, दाबून पाहिला आणि सांगितलं, "जमिनीवर हिला जोर लागत नाही. पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही, तिथं पाय हलेल. पोहायला शिकवा. रोज. पण लवकर करा. मागची शीर आखडत चाललीय. एकदा टाच पार वर गेली की मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि त्याचीही खात्री मी देत नाही." आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. आप्पांना स्वतःला पोहता येत नव्हतं. आमच्या घराण्यात कुणालाच येत नव्हतं. विणकरांचं आयुष्य सावलीत जातं.

आज हे लिहिताना वाटतं, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध किती साधं होतं. पाणी. आणि बेळगावच्या आसपास पाण्याला काय तोटा? विहिरी, तळी, खाणी, नद्या. फक्त त्यातलं कुठलंही पाणी मुलीसाठी नव्हतं.

शहरात तेव्हा पोहण्याचा एक बांधीव तलाव होता. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला मागे बसवून तिथं नेलं. दारावरच्या माणसानं आधी माझ्याकडे, मग आप्पांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हुडग्यारिगे इल्ला री." पोरींना नाही. आप्पांना कन्नड येत होतं, पण त्या दिवशी ते मराठीतच बोलले, जणू आपल्या भाषेत सांगितलं तर पटेल. "डॉक्टरनी सांगितलंय. पाय जाईल तिचा." दारावरच्यानं आतल्या कारकुनाकडे पाठवलं, कारकुनानं चिठ्ठी आणायला सांगितली. चिठ्ठी आणली तर साहेब नव्हते. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आप्पा म्हणाले, "सकाळी कोण यायच्या आत अर्धा तास द्या. मी दारात पाठ करून उभा ऱ्हातो." कारकून कंटाळून म्हणाला, "आज तुमच्या पोरीला सोडलं तर उद्या सगळ्या गावच्या बायका येतील. जावा आता." त्यावर आप्पा खाली वाकले आणि त्यांनी त्याचे पाय धरले. तो माणूस त्यांच्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान होता. तो दचकून मागे सरला आणि आप्पांचे हात तसेच फरशीवर राहिले. आत मुलं उड्या मारत होती, पाणी उडाल्याचे आवाज येत होते. मी भिंतीला धरून उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पळता येत नव्हतं.

माझी नात आता टिळकवाडीकडे पोहायला जाते. मुलींची वेगळी वेळ आहे, शिकवायला बाई आहे, नात डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात सूर मारते. मी कडेच्या बाकावर बसते. परवा तिच्या मैत्रिणीच्या आईनं मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी कुठं शिकायच्या हो मुली?" मी म्हटलं, "शिकत नव्हत्या." एवढ्यावर तो विषय संपला.

तलावाचं दार बंद झाल्यावर आप्पा वडगावच्या मळ्यातल्या एका विहिरीकडे वळले. तिथं पोरं पाठीला पत्र्याचे डबे बांधून पोहायची. मळेवाला आप्पांच्या ओळखीचा होता. भर दुपारी, पोरं घरी जेवायला गेली की या, म्हणाला. आप्पांनी मागाच्या टाकाऊ सुताचा पीळ घालून जाड दोरी केली होती. ती माझ्या कमरेला बांधायची, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळायचं आणि मला पायरीवरून पाण्यात सोडायचं. मला आठवतं ते पहिलं पाणी. छातीपर्यंत आलं आणि श्वासच गेला. मी किंचाळले, पायरीला चिकटले. आप्पा वरून सांगत होते, "हात मार. पाय मार." पण कसा मारायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कोरड्या पायरीवर उभे राहून स्वतःचे हात हवेत मारून दाखवायचे. पंधरा दिवस आम्ही गेलो. मग एक दिवस पाहतो तर पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या अंथरलेल्या. मळेवाला खाली मान घालून म्हणाला, "माझं काय न्हाय हो. पन भावकी म्हनतीय, पोरगी शहाणी व्हायला आली, हिरीचं पाणी देवाला जातंय." आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी काट्यांकडे पाहिलं, दोरी गुंडाळली आणि खांद्यावर टाकली. त्या रविवारी माझ्या टाचेखाली त्यांची दोन बोटं गेली.

दर रविवारी ते बोटं घालून पाहायचे. आई तेव्हा मुद्दाम परसात जायची. तिचे उपाय वेगळे होते. गरम विटेचा शेक, पायाला बांधलेली लाकडी पट्टी, सोमवारचे उपास. पाण्याचं तिला भय होतं. त्यातून आप्पांनी तिसरी जागा काढली ती गावाबाहेरची दगडाची खाण. जुनी, सोडून दिलेली, हिरव्या पाण्यानं भरलेली. तिथं कुणाची परवानगी लागत नव्हती. एका बाजूला म्हशी धुवायचे, दुसऱ्या बाजूला उभा कडा. पाणी बर्फासारखं, आणि पायाखालचा दगड कुठं संपेल याचा नेम नाही. म्हशी घेऊन येणारा एक म्हातारा आप्पांना म्हणाला, "हितं पोरीला सोडू नकासा. हितं बुडालेला वर येत न्हाय. खाली गाळ हाय." आप्पा म्हणाले, "दोरी हाय की." म्हातारा दोरीकडे बघत राहिला. आणि आप्पांनी मला पाण्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. आता मी आजी झाले आहे, आणि त्या खाणीच्या काठावर माझ्या नातीला घेऊन कुणी उभं राहिलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पण आप्पांचं तेव्हाचं तोंड आठवतं. घरात माझी टाच वर चढत होती आणि इथं पाणी होतं. त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

त्या खाणीत मी तरंगायला शिकले, दहा आकडे मोजेपर्यंत. अकराव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा काठावर माणसं उभी होती. दगडावर चपलांचा एक जोड नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेला होता. सगळे खाली पाण्याकडे बघत होते. आप्पांनी सायकल न थांबवताच वळवली. वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर खड्ड्यात बसले आणि अंधारून येईपर्यंत विणत राहिले.

मग खानापूर. सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं गेलो. आई पहिल्यांदाच बरोबर आली, भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन. मलप्रभेच्या घाटावर बायका धुणं धूत होत्या आणि त्यांनी आम्हाला हाकललं नाही. एकीनं मला काखेत हात घालून उथळ पाण्यात फिरवलं. आई काठावर बसून पहिल्यांदा थोडी हसली. पण खानापूर रोज कसं परवडणार? आठवड्यातून एकदा जाऊ लागलो. तिसऱ्या खेपेनंतर पाऊस लागला, नदी तांबडी होऊन घाटाच्या पायऱ्या गिळून बसली. आम्ही पुलावरून पाहिलं आणि परत फिरलो. गाडीत आप्पा म्हणाले, "पाऊस उघडला की बघू." आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आता बास. पोरीला लुळी बघतोय मी. बुडालेली बघायची न्हाय मला." त्या रविवारी तीन बोटं गेली. आप्पांनी ती काढली आणि नंतर बराच वेळ आपला हात उलटसुलट करून पाहत राहिले.

चंपाक्का आमच्या घरात आल्या त्या लुगडी घ्यायला. निपाणीजवळच्या एका खेड्यात त्यांची तंबाखूची शेती होती. जैन घर, नवरा वारलेला, मुलगा-सून हाताशी, सगळा कारभार त्यांचा. पन्नाशीच्या, उंच, आवाज मोकळ्या रानात वाढलेला. लेकीच्या लग्नासाठी लुगडी पाहता पाहता त्यांची नजर माझ्यावर गेली. मी कोपऱ्यात बसून कांड्या भरत होते आणि कांडी घरंगळली म्हणून उठून आणायला गेले. "पोरीला काय झालंय?" त्यांनी विचारलं. आप्पांनी सगळं सांगितलं. तलाव, विहीर, खाण, नदी. इतका वेळ बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चंपाक्कांनी लुगडं बाजूला ठेवलं. "लग्नाच्या आधी मी वेदगंगा पोहून पलीकडं जात होतो, म्हशीचं शेपूट न धरता," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं पाठवा. आमची हीर हाय, पायऱ्यांची. कोण बोलनार न्हाय, आमच्याच मळ्यात हाय." आप्पांनी आईकडे पाहिलं. आई चंपाक्कांकडे पाहत होती. बाईमाणूस सांगत होतं म्हणून असेल, पण ती नाही म्हणाली नाही.

आप्पा मला सोडायला आले. दोरी आणली होती. विहीर मोठी होती, चौकोनी, एका अंगाला दगडी पायऱ्या, समोरच्या भिंतीतून मोटारीचा लोखंडी पाईप पाण्यात उतरलेला. आप्पा दोरी उलगडू लागले तशा चंपाक्का म्हणाल्या, "ती दोरी घेऊन तुमी जावा. तुमी हितं असलासा तर ही दोरीलाच धरून ऱ्हानार." आप्पा गेले. बसच्या वाटेवर ते चार वेळा थांबले, मी ते ओट्यावरून पाहिलं.

त्या घरात दीड महिना राहिले. पहिले आठ दिवस मी रोज रडले. सगळीकडे साठवलेल्या तंबाखूचा उग्र वास, घरात निम्मं बोलणं कन्नडमध्ये, जेवणात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली. प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं. पण ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात यायची आणि तिच्यावर ताजं लोणी असायचं. दुपारी चंपाक्का मला विहिरीवर न्यायच्या. माझ्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधायच्या आणि स्वतः शेवटच्या कोरड्या पायरीवर लांब वेळूची काठी घेऊन बसायच्या. मी घाबरले की काठी पुढे करायच्या. पण पाण्यात कधी उतरायच्या नाहीत. पायाचा अंगठासुद्धा बुडवायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, "तुम्ही का येत नाही? तुम्हाला तर येतंय." त्या म्हणाल्या, "नेम घेतलाय. मालक गेले त्या वर्षी, मुनी महाराजांच्या पुढं. न गाळलेल्या पाण्यात अंग घालायचं न्हाय. पाण्यात लई जीव असतात, आपल्या अंगाखाली मरतात." मग काठीनं माझ्या उजव्या पायाला डिवचून त्या ओरडल्या, "कालू बडी! पाय मार, पाय! तो काय शोभंला दिलाय?"

त्यांचं सगळं शिकवणं तोंडानं. जीभ थकायची नाही. एक भोपळा सुटला, दुसऱ्याच्या जागी लहान आला, आणि एका दुपारी पाण्याखाली माझ्या मांडीत काहीतरी दचकलं. बाहेर आल्यावर पाय तसाच लुळा, पण पाण्यात तो माझं ऐकत होता, थोडंसं. मी चंपाक्कांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि रात्रीचं जेवण नसलेल्या त्या घरात संध्याकाळी मला दुसऱ्यांदा लोणी वाढलं. दीड महिन्याच्या शेवटी मी भोपळ्याशिवाय पायरीपासून पाईपपर्यंत जाऊन परत येऊ शकत होते. दोनदा केलं होतं.

आणि आप्पा आले. दुपारची वेळ, अंगातला सदरा घामानं भिजलेला, डोळे खोल गेलेले. आईनं त्यांना पाठवलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात पाय दाखवायचा ठरला होता, मला घेऊन जायचं होतं. त्यांनी आल्या आल्या खाली बसून टाचेखाली बोटं घातली. तीनच होती, कमी नाही, जास्त नाही. त्यांचा चेहरा पडला. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आप्पा, पाण्यात चालतोय तो. बघा तर." आम्ही विहिरीवर गेलो. चंपाक्का वर मोटारीच्या खोलीपाशी गड्याशी बोलत होत्या. "थांब गं, आलो मी," असं म्हणाल्या. मी थांबले नाही. आप्पा शेवटच्या पायरीवर उभे राहिले आणि मी पाण्यात सूर मारला.

जाताना नीट गेले. पाईपला हात लावून वळले आणि आप्पांना पाहिलं. ते पुढे वाकले होते, ओठ हलत होते, माझ्या प्रत्येक हाताबरोबर त्यांची मान हलत होती. मला त्यांना तो पाय दाखवायचा होता. म्हणून मी उजवा पाय जिवाच्या आकांतानं मारला, एकदा, दोनदा, आणि पोटरीत गोळा आला. इतकी कळ मी आयुष्यात नंतर फक्त बाळंतपणात अनुभवली. अंग दुमडलं आणि मी खाली गेले. वर आले तेव्हा आप्पा पाण्यात होते. टोपी वेगळी तरंगत होती, धोतर फुगून वर आलं होतं, तोंड उघडं. पोहता न येणारा माणूस माझ्याकडे येत होता, कसा ते मला अजून सांगता येत नाही. त्यांनी मला धरलं. दोन्ही हातांनी, छातीशी, लहानपणी धरायचे तसं. आणि आम्ही दोघं खाली निघालो.

हिरवं पाणी, मग काळं. आप्पांची मिठी सुटत नव्हती. मला कळत होतं की हे मला वाचवायला आलेत आणि हेच मला खाली नेतायत. मी ढकललं, ओरबाडलं. मग माझ्या तोंडाशी त्यांचा हात आला आणि मी चावले. दात रुतेपर्यंत, सगळ्या ताकदीनं चावले. आणि आप्पांनी सोडलं. आजवर मी स्वतःला सांगत आले की दुखलं म्हणून सोडलं. पण हात सुटता सुटता त्यांनी मला खालून वर ढकललं होतं. तो ढकललेला तळहात मला पाठीवर अजून जाणवतो.

मी वर आले आणि पाईप हाताला लागला. मी ओरडले ते शब्द नव्हते. त्याच वेळी वरून धप्पकन आवाज झाला आणि पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. चंपाक्कांनी काठावरून उडी टाकली होती, पायऱ्यांनी न येता. त्या खाली गेल्या. विहीर शांत झाली. किती वेळ ते ठाऊक नाही. मी पाईपला धरून "आप्पा, आप्पा" म्हणत होते आणि पाण्यावर बुडबुडेसुद्धा नव्हते. मग पायरीपाशी चंपाक्कांचं पांढरं डोकं वर आलं आणि त्यांच्या मुठीत आप्पांचे केस होते. गड्यानं आणि त्यांनी मिळून आप्पांना पायऱ्यांवर ओढलं, पालथं घातलं. चंपाक्का त्यांच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाबत होत्या आणि दर दाबाला कन्नडमध्ये शिव्या देत होत्या. आप्पांच्या तोंडातून पाणी आलं, पुन्हा पाणी आलं, आणि मग एक आवाज आला, माणसाचा नसल्यासारखा. तो त्यांचा श्वास होता.

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "पोरगी?" चंपाक्का म्हणाल्या, "पायपाला धरून हाय. पोहती ती. तुमास्नी येत न्हाय तर कशाला मरायला आलासा?" आप्पा तिथंच पायरीवर तोंड झाकून रडले. मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं. पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी दिवस असेतोवर चंपाक्कांनी आम्हाला पोटभर वाढलं. स्वतः जेवायला बसल्या नाहीत. मी भुकेली होते, तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये आप्पांनी उजव्या हाताला टॉवेल गुंडाळला होता. संकेश्वर गेलं. मग म्हणाले, "मिरजेचं दाखवून येऊ. तवर खानापूरचं पाणी निवळंल. मी बी शिकतो आता." त्यांचे डोळे पुन्हा तसेच झाले होते, खाणीच्या काठावर होते तसे. मी म्हटलं, "आप्पा, बास करूया. मला न्हाय आला पाय तरी चालंल. मी अशीच ऱ्हाईन." ते माझ्याकडे वळले. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझं तोंड न्याहाळलं आणि ते म्हणाले, "तू म्हनतीस म्हणून थांबतो. मी आपनहून थांबलो न्हाय. ध्यानात ठेव." मी हो म्हटलं. मग ते सीटवर मागे टेकले आणि बेळगाव येईपर्यंत झोपले, महिनोन्‌महिने न झोपलेल्या माणसासारखे.

घरी आईनं टॉवेल सोडला. "हे काय?" आप्पा म्हणाले, "मागाचा खिळा लागला." माग दोन दिवस बंद होता. आईनं त्या खुणा पाहिल्या, दातांची अर्धगोल रांग, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ती आत गेली, हळद गरम करून आणली आणि त्यांच्या हातावर लावली. तिनं पुढे कधी, मरेपर्यंत, त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

मिरजेला ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी मांडी दाबून विचारलं, "इथं जीव आहे. पोहत होती का?" आप्पा म्हणाले, "व्हय. थोडं." टाच खाली आली, पाय बारीकच राहिला. मी लंगडतच शाळेत गेले, लंगडतच बोहल्यावर चढले. आप्पा पोहायला शिकले नाहीत.

दोन वर्षांनी त्यांनी एक लुगडं विणलं, काठाला वेलबुट्टी असलेलं, आणि ते घेऊन मला एकटीला निपाणीच्या बसमध्ये बसवलं. चंपाक्कांनी लुगडं मांडीवर घेतलं आणि काठावरून हात फिरवत राहिल्या. मला जेवायला बसवलं. स्वतः ताट घेतलं नाही. मी विचारलं तर सून सासूकडे बघत म्हणाली, "आज चतुर्दशी. अत्तींचा उपास असतोय, पाणीसुदिक न्हाय. त्या हिरीतल्या उडीचा." नेम मोडल्याचं प्रायश्चित्त महाराजांनी दिलं होतं, पंधरा दिवसांतून एकदा, जन्मभर. माझा घास तोंडातच फिरायला लागला. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं कशाला? उडी मी मारली," चंपाक्का म्हणाल्या. ओठ कोरडे पडले होते, आवाज तेवढाच मोकळा. "पाण्यातले जीव मेलेच की माझ्या अंगाखाली. त्याचा उपास. परत तसं झालं तर परत उडी मारीन आनि परत उपास धरीन. त्यात रडायचं काय हाय?" त्यांनी माझ्या ताटातली भाकरी स्वतःच्या हातानं मोडली आणि तुकडा पुढे सरकवला. "ऊन भिंतीवरनं चाललंय. जेव."